खुंटीला हात लावायचा नाही

ज्या माणसानं मला चार तारांवर सिनेमाची गाणी वाजवायला शिकवली, त्याच्याबद्दल मला आजवर कुणापाशी धड चांगलं बोलता आलेलं नाही. वाईट मात्र भरपूर बोललो. शिरूरला बोललो, निमोण्याला बोललो, दौंडच्या मालधक्क्यावर तर दुपारच्या डब्याला तोंडी लावायला तेच असायचं. आता वाईट बोलण्याचाही कंटाळा आला आहे, आणि ऐकणारेही फारसे उरले नाहीत. म्हणून लिहायला बसलो.

त्यांना सगळे आप्पा म्हणत. मूळचे वरवंडकडचे, धनगर. बापानं मेंढरं वळली, मी इंजिनं वळली, असं ते स्वतःच सांगायचे. रेल्वेत कोळसा टाकणारे फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. मी मालधक्क्यावर कारकून म्हणून दौंडला आलो तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, आणि आप्पांना रिटायर होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पण अंगावरचा निळा कोट काही उतरला नव्हता. ऐन मे महिन्यात तो कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, ते बाजारात भाजी घ्यायला जायचे. भाजीवाली मागून काही बोलली तर ढिम्म. वळून बघायचे नाहीत. कुणी धावत पुढं येऊन विचारलंच तर म्हणायचे, "तोंडावर बोलावं. पाठीमागनं बोलायची सवय वाईट." हे वाक्य दौंडात बऱ्याच जणांना पाठ होतं. म्हातारा घमेंडखोर आहे असं निम्मं गाव म्हणायचं, आणि उरलेलं निम्मं त्याला तत्त्वाचा माणूस म्हणायचं. मी आधी उरलेल्या निम्म्यात होतो.

त्यांच्याकडे एक वाद्य होतं. दिसायला गिटारच, पण गिटारीचं पिल्लू म्हणावं एवढं, आणि तारा चारच. त्याचं खरं नाव युकुलेले, हे मला पुष्कळ पुढं कळलं. आप्पा त्याला कोकरू म्हणायचे. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून ते दिवाणाखाली ठेवलेलं असायचं, आणि बाहेर काढताना दोन्ही हातांत धरून असं काढायचे, की खरंच आत काहीतरी जिवंत आहे असं वाटावं. फायरमन असताना ज्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या हाताखाली ते होते, त्याचं हे वाद्य. तो साहेब बायकामुलांना घेऊन परदेशी निघून गेला आणि जाताना हे आप्पांच्या हवाली करून गेला. तारा मूळच्या कधीच्या तुटल्या होत्या. आप्पांनी भीमेकाठच्या मासे धरणाऱ्यांकडून नायलॉनची दोरी आणून तीच ओढली होती, आणि ती छान वाजायची.

तारांवर कुठं कुठं बोटं ठेवायची त्या जागांना साहेब इंग्रजी अक्षरं सांगायचा. आप्पांच्या डोक्यात ती अक्षरं काही केल्या राहीनात. मग दौंड-पुणे गाडीवर जाता-येता त्यांनी त्यांना स्टेशनांची नावं देऊन टाकली. एका बोटाचं दौंड. दोन बोटांचं पाटस. तीन बोटांचं केडगाव. आणि सगळ्यात वरच्या तारेवर एकच बोट ठेवलं की यवत, ते उदास गाण्यांसाठी. गाणं दौंडातून निघायचं आणि दौंडातच परत यायचं. परत येताना आधी केडगाव घ्यायचं, त्याशिवाय दौंडात शिरायचं नाही, कारण सिग्नल मिळत नाही. मी एकदा विचारलं, की आप्पा, यवतच्या पुढं उरुळी आहे, लोणी आहे, पुणं आहे, त्यांचं काय? तर म्हणाले, यवतच्या पुढं गाणं जात नाही, आणि गेलं तर ते आपलं नाही.

मला हे सगळं भयंकर आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मी त्यांच्याकडे का गेलो तेही सांगायला हवं. शिरूरला माझ्या मामांची गायन पार्टी होती. आम्ही बौद्ध. जयंतीला, लग्नात, बारशाला मामांची पार्टी भीमगीतं म्हणायची, आणि चाली बहुतेक सिनेमाच्या असायच्या. रेडिओवर एखादं गाणं गाजलं की महिन्याच्या आत मामा त्या चालीवर आपले शब्द बसवायचे. त्यामुळं सिनेमाची गाणी येणं ही आमच्याकडे चैन नव्हती, कामाची गोष्ट होती. पार्टीत पेटी, ढोलकी, झांज आणि मागं कोरस. मी शाळेपासून कोरसमध्ये, म्हणजे मागच्या रांगेत टाळ्या वाजवणारा. मला पुढच्या रांगेत बसायचं होतं. नोकरी लागली, पगार सुरू झाला, निमोण्याला आईच्या घरावर नवे पत्रे पडले, तरी मला पाहिजे होतं ते एवढंच. मामांनी सांगून ठेवलं होतं, की पेटी माझी, ढोलकी जावयाची, तिसरं काही वाजवायला शिकून आलास तर ये पुढं. अशात एका रविवारी आप्पांच्या ओट्यावरून कोकराचा आवाज ऐकू आला आणि मी फाटकाशी उभा राहिलो.

पहिल्या दिवशी त्यांनी चहा दिला. घरातल्या कपात दिला, त्याच कपांच्या जोडीतला एक त्यांनी घेतला. मी कपाकडे बघितलं. आमच्यातल्या माणसाची नजर आधी कपाकडे जाते, ती सवय मोडत नाही. आप्पांनी माझं बघणं बघितलं की नाही कोण जाणे. पिऊन झाल्यावर दोन्ही कप एकत्रच उचलून आत नेले.

शिकवणी सुरू व्हायची ती टोलावर. दौंडच्या फलाटावर तेव्हा रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. गाडी येणार असली की पोर्टर त्याच्यावर लोखंडी दांड्यानं ठोके घालायचा. त्याला टोल म्हणत. आप्पांचं घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत, तिथं टोल स्वच्छ ऐकू यायचा. त्या टोलाच्या सुरात कोकराची एक तार लावायची आणि तिच्यावरून उरलेल्या तीन, अशी त्यांची पद्धत. त्यामुळं संध्याकाळच्या गाडीचा टोल पडेपर्यंत शिकवणी नाही. गाडी दीड तास लेट असली तर गाणं दीड तास लेट. कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर समोरासमोर नुसते बसून राहिलो आहोत, मध्ये घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटावं कुणीतरी वारलं असेल.

टोल पडायची वेळ झाली की ते मला काहीतरी काम काढून बाहेर पाठवायचे. चुन्याची डबी आण, नाहीतर नळ बंद आहे का बघून ये. मी परत येईपर्यंत तारा लागलेल्या असायच्या. एकदा मी लवकर आलो आणि दाराच्या फटीतून बघितलं, तर आप्पा कोकराचं डोकं दातांत धरून बसले होते. डोळे मिटलेले, जबडा आवळलेला, आणि एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं खुंटी पिरगाळत होते. मी हसू दाबत मागच्या मागे सटकलो. दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर सगळ्यांना ते करून दाखवलं, डब्यातला चमचा दातांत धरून.

खुंटीला हात लावायचा नाही, हा त्यांच्याकडचा पहिला नियम आणि शेवटचाही. मी म्हणायचो, की आप्पा, तारा लावायलाही शिकवा ना. ते म्हणायचे, फायरमननं कोळसा टाकावा, वाफेच्या दांड्याला हात ड्रायव्हरचाच. पुन्हा विचारलं तर कोकरू घोंगडीत जायचं आणि त्या दिवशीची शिकवणी संपायची. तसं ते कोकरू त्यांच्या घराबाहेरही कधी जात नसे. मला सराव करायचा तर त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या समोर. उरलेल्या वेळी मी फळकुटावर चार दोऱ्या ताणून बोटं बसवत राहायचो.

बोटांचं म्हणाल तर पहिले दोन महिने डाव्या हाताची टोकं सोलून निघाली. दौंड सोपं होतं. पाटसही जमलं. केडगाव मात्र तीन बोटं एकदम पडायला तयार होईनात. दोन पडायची आणि तिसरं हवेत राहायचं. आप्पा म्हणायचे, गार्ड अजून चढला नाही. गाणं शिकवताना ते आधी मला ते म्हणायला लावायचे, आणि माझ्या छातीच्या हाडावर आपला रुंद तळवा टेकवून बसायचे. "मोठ्यानं म्हण. इंजिन चालू हाय असं समज आन् म्हण." मी गल्ली गोळा होईल एवढ्या मोठ्यानं प्रेमाची गाणी म्हणायचो. समोरच्या बाई दार लावून घ्यायच्या. तीन वेळा म्हणून झालं की आप्पा निकाल द्यायचे, दौंड, पाटस, दौंड, केडगाव, दौंड, पॅसेंजर आहे. पुढं पुढं माझ्या लक्षात आलं, की निम्म्या गाण्यांना ते हेच सांगतात. आणि गंमत म्हणजे निम्मी गाणी त्यावर बसायचीही.

त्या वर्षी प्रत्येक पानाच्या टपरीवर एकच गाणं वाजत होतं. पावसाळा संपता संपता ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवता आलं. केडगाव पडलं, दौंड आलं, आणि गाणं संपलं. मी वर बघितलं तर आप्पांचा हात कोकराच्या लाकडावर होता, आणि तो हात त्यांनी गाणं संपल्यावरही बराच वेळ उचलला नाही. मला रडू आलं. नोकरीचा कागद हातात पडला तेव्हाही आलं नव्हतं.

ही गोष्ट मी शिरूरला कुणाला सांगितली नाही. सांगायला हवी होती.

दीड वर्षात माझी तेरा गाणी झाली. मामांना मी सांगितलं, की या जयंतीला मी पुढं बसणार. मामा हरखले. त्यांनी हँडबिलं छापली, 'खास आकर्षण : विलायती वाद्य', आणि बाजारात, एसटी स्टँडवर वाटली. आता तालीम कशी करणार हा प्रश्न होता, कारण कोकरू दौंडात आणि पेटी शिरूरला. मी शनिवार-रविवार जाऊन पार्टीबरोबर गाणी म्हणून यायचो आणि आठवडाभर आप्पांच्या ओट्यावर तीच वाजवायचो. कोकरू शिरूरला न्यायचं म्हणताच आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी बरोबर येईन.

मामांची गाण्याची पट्टी काळी एक. म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून ते गायचे, आणि कोकरूही त्या सुराला लागलं पाहिजे होतं. मी आप्पांना हे दोनदा सांगितलं. एकदा न्हावऱ्याच्या अलीकडे, एसटीच्या धडधडीत, आणि एकदा मांडवाकडे चालता चालता. दोन्ही वेळा ते "व्हय, व्हय" म्हणाले. कोकरू त्यांनी सकाळीच दौंडात टोलावर लावलेलं होतं. मला वाटलं, मांडवात पोचल्यावर पेटी ऐकून नीट लावून देतील. दीड वर्षं मी त्यांनी लावून दिलेल्या तारा वाजवत होतो. ते कुठल्याही सुरात लावू शकणार नाहीत, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आमच्याकडे जयंतीला दोन पार्ट्यांचा सामना लावतात. एकीचं गाणं संपलं की दुसरीनं उत्तर द्यायचं. दिवेलागणीला मांडव भरला होता. निमोण्याहून आई आली होती, बायकांच्या बाजूला अगदी पुढं बसली होती, आणि शेजारणीला हातानं मला दाखवत होती. आप्पा पुरुषांच्या पहिल्या रांगेत, निळा कोट घालून, ताठ. मी मामांच्या उजव्या हाताला, पुढच्या रांगेत. माझ्यापुढं वेगळा माइक.

मामांनी पेटीवर काळी एक धरली. मी दौंड वाजवलं.

दोन सूर एकमेकांना चिकटेनात. अंतर अगदी थोडं होतं, आणि तेच वाईट. पेटीतल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या जरा वर आणि पहिल्या काळीच्या जरा खाली, कुठल्याच पट्टीत नाही असा तो रुळाच्या तुकड्याचा सूर. भाताच्या घासात खडा यावा तसं झालं. मामांनी एक ओळ गाऊन थांबवलं आणि माइक झाकून म्हणाले, "सूर लाव." मी आप्पांकडे बघितलं. ते डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होते. एकेक स्टेशन मोजत होते. मी पुन्हा बघितलं. मांडवातली निम्मी माणसं आता माझ्याबरोबर त्यांच्याकडे बघायला लागली. ते डोळे उघडेनात.

मी खुंटीला हात घातला, आयुष्यात पहिल्यांदा. कुठल्या बाजूला फिरवायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं. फिरवली, फिरवली, आणि माइकसमोर तार तडकन तुटली. समोरच्या पार्टीचा गायक त्याच्या माइकमधून म्हणाला, की पाहुणे, विलायती माल दिसतोय, आणि मांडव हसला. आईनं पदर तोंडाला लावला. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेव खाली. टाळ्या वाजव."

मग पुढच्या रांगेत बसून, वेगळ्या माइकसमोर, सामना संपेपर्यंत मी टाळ्या वाजवल्या.

संपल्यावर आप्पा स्टेजपाशी आले. शेवटची एसटी पकडायची म्हणून घाईत होते. मी कोकरू त्यांच्या हातात ठेवलं. तुटलेली तार त्यांनी बोटाभोवती गुंडाळली, माझ्याकडे बघून हसले, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बेस झालं बाबू. तार तुटली तरी गाडी थांबवली न्हाईस. येळेवर दौंडात आलास." पाठीवर थाप मारली आणि गेले.

त्या थापेनं मला जे झालं ते टाळ्यांनीही झालं नव्हतं. भर मांडवात माझी चेष्टा करून हा माणूस निघून गेला, असंच मला वाटलं, आणि तसंच सगळ्यांना वाटलं. मामा रात्री जेवताना म्हणाले, "त्याला आपली जयंती बघवली न्हाई. मुद्दाम खोटा सूर लावून दिला. वरवर गोड बोलत्यात, आतलं जात न्हाई. परत त्याच्या दारात जाऊ नको." मी मान हलवली. त्या वेळी मला तो कप आठवायला हवा होता. खरं म्हणजे आठवला होता. मी बोललो नाही. माझी फजिती माझ्या अडाणीपणामुळं झाली, यापेक्षा ती त्यांच्या जातीमुळं झाली हे घशाखाली उतरायला सोपं होतं.

पुढच्या पंधरवड्यात आप्पांचा दोनदा निरोप आला, की टोल झाला, बाबू आला नाही. मी वेळ नाही म्हणून कळवलं. नंतर निरोप थांबले. ते बाजारात दिसले की मी गल्ली बदलायचो. बदलायची गरज नव्हती, मागून गेलं तरी चालत होतं.

शिरूरच्या एका मेंडोलिनवाल्याकडून मी दोन दुपारींत तारा लावायला शिकलो. इतकी साधी गोष्ट. सूर ऐकायचा, खुंटी थोडी ताणायची, थोडी ढिली करायची, बस्स. शिकलो आणि मला आप्पांचा जास्तच राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी या माणसानं मला दीड वर्षं चुन्याच्या डब्या आणायला पाठवलं? मग मी एक वाक्य तयार केलं. कधी समोरासमोर गाठ पडली तर तोंडावर मारायचं म्हणून. तीन वर्षं ते मी मनात घोळवत ठेवलं. रोज एकदा तरी म्हणून बघायचो. वाजवायला मात्र मी पुन्हा काही घेतलं नाही. पार्टीत परत मागच्या रांगेत गेलो.

तीन वर्षांनी दौंड स्टेशनावर लाउडस्पीकर लागले. विजेची घंटा आली. रुळाचा तो टांगलेला तुकडा उतरवून भंगारात काढला, आणि ते भंगार आमच्या मालधक्क्यावर येऊन पडलं. कुठं टाकायचं ते हमालांना मीच दाखवलं, रस्त्याच्या कडेला, इतर तुकड्यांबरोबर. टाकताना तो एकदा वाजला. मी ओळखला. दौंडात राहून इतकी वर्षं दिवसातून वीस वेळा तो कानावर पडलेला. झोपेतसुद्धा मला तो सूर गुणगुणता आला असता.

आठवडाभरानं दुपारी आप्पा धक्क्यावर आले. कोट तोच, पण आता अंगापेक्षा मोठा झालेला. काखेत घोंगडीची गुंडाळी. मी वॅगनपाशी उभा होतो. ते समोर येऊन थांबले, जवळ, आणि माझ्या तोंडाकडे बघत बोलायला लागले.

"बाबू, टोल काढला त्यांनी."

मी हातातल्या वहीत वॅगनचा नंबर लिहीत राहिलो.

"मला दुसरं काय ऐकू येत न्हाई. इंजिनानं कान खाल्लं. ड्रायव्हर व्हतो तवाच गेलं व्हतं निम्मं, रिटायर झाल्यावर उरलंसुरलं गेलं. बोललो न्हाई कुनाला, ओठ बघून चालवलं. कान न्हाई आन् गानं शिकवतोय, हसली असती मानसं. टोल तेवढा यायचा, आन् कोकरू दातात धरलं की तार कळायची. त्यानं लावायचो. पेटीबिटी मला कळत न्हाई, ऐकूच येत न्हाई तर कशी कळनार? म्हनून तुला बी खुंट्या शिकवल्या न्हाईत. कसं शिकवनार?" त्यांनी घोंगडी उलगडली. "तुझ्या कानात असंल तो सूर. एवढं लावून दे."

कोकराच्या चारही तारा नव्या होत्या. त्या शिरूरच्या मांडवात ते शेवटपर्यंत डोळे मिटून बसले होते, त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं, आणि मी वाजवतो आहे अशा समजुतीत ते स्टेशनं मोजत होते, हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं. सगळं कळलं. पाठीमागून बोलू नका, मोठ्यानं म्हण, छातीवरचा हात, व्हय व्हय. थाप मारली ती खरीच होती हेही कळलं. कळायला काही वेळ लागला असं मी म्हणणार नाही.

तरीही ते वाक्य आलं. इतक्या वर्षांचं तयार होतं, ते माझ्या आधी बाहेर पडलं.

"खुंटीला हात लावायचं मला कुणी शिकवलं नाही, आप्पा."

त्यांनी मान पुढं केली. कानामागं हात धरला.

"काय म्हनालास? मोठ्यानं बोल."

गप्प बसता आलं असतं. काही नाही म्हणून कोकरू हातात घेता आलं असतं. ऐकू गेलेलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडासमोर उभा राहून, इंजिन चालू आहे असं समजून, तेच वाक्य पुन्हा ओरडून सांगितलं. हमाल थांबून बघायला लागले.

या वेळी ते त्यांना कळलं. "व्हय," ते म्हणाले. "न्हाई शिकवलं." कोकराच्या डोक्यावर त्यांनी घोंगडीचं टोक ओढलं, नीट गुंडाळलं, काखेत घेतलं आणि आले तसे फाटकाकडे निघाले.

फाटकाची वाट भंगाराच्या ढिगाजवळून जाते. तो रुळाचा तुकडा वरच पडला होता, टांगायची तार अजून त्याच्या भोकात होती. शेजारी लोखंडाचा दांडा हवा असेल तर तसले दहा पडले होते. आप्पा त्या तुकड्याला कोट घासेल इतक्या जवळून, तिकडे न बघता गेले. मी बघत होतो. मी हाक मारली नाही. मारली असती तरी पाठीमागून मारलेली हाक त्यांना ऐकू आली नसती, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण पन्नास पावलांचं तर अंतर होतं. मला पळत पुढं जाता आलं असतं.